पांढरी टोपी

कांदा किसल्याचा वास आला की मला अजून लालबागची आमची खोली आठवते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे दिवस होते. मी बाविशीचा होतो आणि डोक्यावर टक्कल पडू लागलं होतं. आई रोज सकाळी टाळूवर कांद्याचा रस चोळायची आणि वर माक्याचं तेल थापायची. "असाच राहिलास तर पोरगी कोण देईल रे तुला?" म्हणायची. सरकारला न घाबरणारा मी आरशाला मात्र घाबरत होतो, याची आज लाज वाटते.

एका संध्याकाळी प्रभादेवीच्या एका चाळीत सभा होती. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं आणि मी पहिल्यांदाच बोलणार होतो. टक्कल झाकायला मी वडिलांची पांढरी टोपी घातली. पण गिरणगावात तेव्हा पांढरी टोपी म्हणजे महाराष्ट्राला मुंबई नाकारणाऱ्या सरकारी पक्षाची टोपी, हे घाईत सुचलंच नाही. बाकावर चढताच गर्दी खवळली.

"सरकारचा माणूस आला रे! ए, टोपी काढ!"

पहिल्या रांगेत पोरी बसल्या होत्या. माझा हात टोपीशी थबकला. मग मी ती ओढूनच काढली. पेट्रोमॅक्सच्या उजेडात तेलकट टाळू चमकली आणि हशा उसळला.

"हसा!" मी ओरडलो. "केस गेले ते गेले. मी मुंबई मागायला आलोय, आणि ती घेतल्याशिवाय हटणार नाही!"

हसणाऱ्यांनीच टाळ्यांचा कडकडाट केला.

सकाळी आई किसलेला कांदा घेऊन आली. मी म्हणालो, "आई, तो आमटीत टाक."