वाळायला ठेवलेलं चित्र

मागच्या मार्चमधल्या एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास, पुण्याजवळच्या जांबे गावातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर कुरडयांच्या शेजारी एक तैलचित्र वाळत ठेवलेलं होतं. घरमालकीण काकूंनी ते ठेवलं होतं. नळाची गळती बघायला त्या चित्रकार भाडेकरूच्या खोलीत गेल्या, चित्राला हात लागला, बोटाला रंग आला. "ओलं व्हतं, म्हनून ठिवलं उन्हात," त्या नंतर म्हणाल्या.

चित्रात एक बाई पाठमोरी बसली होती. ब्लाउज खांद्यावरून उतरलेला. हात पुरत नाही अशा जागी ती पाठीला मलम लावत होती. शेजारी पिवळ्या फुलांचा निळा पडदा. तो पडदा समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला होता. तुम्ही तिथे असता तर आधी चित्राकडे, मग त्या खिडकीकडे पाहिलं असतंत.

चित्रकार माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. मूळचा लातूरकडचा, नोकरी हिंजवडीत, चित्रं फक्त रविवारी. तो पाठमोरीच माणसं काढायचा. "चेहऱ्याला कळतं कोणी बघतंय. पाठीला कळत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. काकूंना त्याने भाकऱ्या थापताना मागून काढलं होतं. "आरं, त्वांड सोडून पाठ काय काढतुयास?" म्हणत त्यांनी त्याला गरम भाकरी दिली होती. काकूंना त्याने विचारलं होतं. समोरच्या बाईंना नाही.

त्या कपडे वाळत घालायला त्यांच्या गच्चीवर आल्या आणि पाच मिनिटांत आमच्या गच्चीवर पोचल्या. तोही तोवर वर आला होता.

"ह्यांची शिफ्ट तीनला सुटते," त्या म्हणाल्या. नवरा उरवड्याच्या एका कारखान्यात होता.

"ताई, यात चेहरा नाहीये. कोण ओळखणार?"

"माझी पाठ ह्यांना ओळखू येणार नाही?"

त्याने रंगाची सुरी आणली. ओला रंग खरवडून निघतो. पाठ गेली, हात गेला. "पडदापण," त्या म्हणाल्या. पडद्यापाशी कॅनव्हास फाटला.

"अजून किती आहेत?"

त्याने खोलीतून आणखी तीन आणली. ती वाळलेली होती. काकूंनी ती पाणी तापवायच्या चुलीत घातली.

"एवढीच?"

"एवढीच."

आदल्या शुक्रवारी त्याने मला समोरच्या बाईंची सगळी चित्रं दाखवली होती. पाच होती.

संध्याकाळी नवरा आला. "काकू, सकाळी गच्चीवर कसलं चित्र होतं म्हणे?"

"कसलं चित्तर? कुरडया व्हत्या. न्हेतोस का चार?"

जिन्यात त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तो गेला.

पुढच्या शनिवारी चित्रकाराने खोली सोडली. टेम्पोत मागे गादी, शेगडी आणि रंगांची पेटी होती. चादरीत गुंडाळलेला एक कॅनव्हास मांडीवर घेऊन तो पुढे, ड्रायव्हरशेजारी बसला.