उजवीकडचा गुण

आमच्या घरात वाद कोण जिंकणार हे मुद्द्यावर ठरायचं नाही. कोण कुठल्या बाजूला बसलंय यावर ठरायचं. माझे सासरे कबड्डीचे पंच. खालापूर तालुक्यातल्या निम्म्या मैदानांवर त्यांनी शिट्टी फुंकलेली, त्यामुळे घरीदारी सगळे त्यांना पंचच म्हणायचे, मीसुद्धा. मधल्या रेषेवर उभा असलेला पंच ज्या बाजूच्या संघाला गुण द्यायचा, त्या बाजूचा हात वर करतो. आमचे पंच घरातही तेच करायचे. आमटी खारट झालीय का, पंखा तीनवर की पाचवर, सगळ्याचा निकाल हात वर करून. एकदा हात वर गेला की विषय संपला.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. देवाच्या कृपेने जीव वाचला, वाचाही वाचली, पण तेव्हापासून गुण फक्त डावीकडे. दोन दिवसांत ही गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली आणि जेवायच्या वेळी डावीकडच्या खुर्चीसाठी मी, नवरा आणि लेक यांची ढकलाढकली सुरू झाली. सासूबाई स्वयंपाकघरातून सगळ्यांत शेवटी यायच्या, म्हणून त्यांच्या वाट्याला कायम उजवी बाजू. बिचाऱ्या महिनोन्‌महिने हरत होत्या.

आम्ही हसायचो, पंच हसत नसत. गावच्या स्पर्धेच्या समितीने त्यांना सांगून टाकलं होतं की दोन्ही हात वर होत असतील तर मैदानात या, नाहीतर मंडपात पाहुणे म्हणून बसा, शाल-नारळ देऊ. शाल-नारळ म्हटलं की पंचांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. समितीतल्या एकाने डोकं लढवलं, की उजवीकडे गुण द्यायची वेळ आली की तुम्ही वळून उभे राहा, म्हणजे डावा हात तिकडे जाईल. पंच म्हणाले, "पंचानं पाठ फिरवायची नसते रं."

खोपोलीच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी त्यांना एक पट्टा दिला. घड्याळासारखा, उजव्या मनगटावर बांधायचा. हात हलला की तो मोजतो, हात नुसता पडून राहिला की गुरगुरतो, आणि दिवसभराचा आकडा मोबाइलवरून थेट मॅडमकडे. पंचांचं पित्त खवळलं. "जल्मभर गुण मी दिलं, आन आता ह्यो पट्टा मला देनार?" पण बांधला. पहिल्याच दिवशी त्यांनी डाव्या हाताने उजवा उचलून डोकं खाजवलं आणि पट्ट्याने तेही मोजलं. पंचांनी मला मॅडमना फोन करून तो एक आकडा कमी करायला लावला. मॅडमना वाटलं मी चेष्टा करतेय.

पंच अकराच्या सुमारास डुलकी काढायचे आणि पट्टा नेमका तेव्हाच गुरगुरायचा. सासूबाईंना ते बघवेना. त्यांनी हळूच पट्टा सोडला, स्वतःच्या मनगटावर बांधला आणि तांदळाच्या भाकऱ्या थापायला घेतल्या. गुरगुर बंद, पंच घोरतायत, भाकऱ्या तयार. पंच उठायच्या आत पट्टा परत जागेवर. हा उद्योग तीन आठवडे चालला आणि आम्हाला कुणाला पत्ता नाही.

एके दुपारी मॅडमचा फोन आला. आनंदाने त्यांचा आवाज चढला होता. रोज अकरा ते बारा हात नुसता धावतोय, कुठला व्यायाम करता, बाकीच्या पेशंटना सांगते म्हणाल्या. पंचांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी पिठाचे हात पदराखाली घेतले. कुणीही दुसरा गप्प बसला असता. पंच म्हणाले, "मॅडम, त्या येळेला मी झोपल्याला असतो. ते समदे गुण बाद करा." मॅडमनी गुण बाद केले आणि उरलेला आकडा वाचून दाखवला. असंच चाललं तर स्पर्धेपर्यंत हात वर जाणं कठीण, असं त्यांनी शेवटी सांगितलं.

पंच त्या दिवशी नीट जेवले नाहीत. सासूबाई डोळे पुसत होत्या. संध्याकाळी पंचांनी निकाल दिला. "तीन आठवडं तू माज्या नावावर भाकऱ्या थापल्यास. आता तेवड्याच तुज्या नावावर मी थापनार, ह्याच उजव्या हातानं."

पहिल्या भाकरीला भाकरी म्हणणं म्हणजे तांदळाचा अपमान होता. एक कड पापडासारखी, दुसरी विटेसारखी. पण मॅडम खूश. मिटून गेलेल्या तळव्याला दाबून पसरायला लावणारं असं काम शोधून सापडायचं नाही, म्हणाल्या. खायला मात्र आम्ही होतो. लेक डबा नेईना. शेजारच्या कोंबड्या आधी धावत यायच्या, मग नुसत्या लांबून बघायला लागल्या. पंचांचे मित्र मजा बघायला यायचे, त्यांनाही पंचांनी पीठ मळायला बसवलं. हळूहळू तळवा उघडला, मग हात छातीपर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत. समिती बघायला आली तेव्हा पंचांनी तो डोक्यावर नेला. तोवर समितीवाल्यांचा चहा गार झाला, पण परवानगी मिळाली.

पंच गेले त्याला आता वर्ष होईल. त्यांची आठवण निघाली की मला तो अंतिम सामना दिसतो. आमचं गाव डावीकडे, ठाकुरवाडीची पोरं उजवीकडे, गुण सारखे, शेवटची चढाई. ठाकुरवाडीचा पोरगा परत फिरता फिरता त्याची बोटं आमच्या कोपऱ्यातल्या गड्याच्या टाचेला लागली. आमचा गडी मान हलवायला लागला. सगळं गाव ओरडत होतं, लागला नाय, लागला नाय. दिवसभर वरखाली करून पंचांचा उजवा हात थकून लोंबत होता. अशा वेळी त्या हाताने त्यांना पाण्याचा पेलासुद्धा उचलत नसे, हे मला ठाऊक होतं. ते नुसते गप्प उभे राहिले असते तरी कुणी नावं ठेवली नसती.

पंचांनी शिट्टी दातात धरली. हात पोटापर्यंत आला आणि थांबला. परत निघाला. छाती, खांदा, कान. मग डोक्याच्या वर, एक बोट ताठ. गुण ठाकुरवाडीला.

आमच्या बाजूला चिडीचूप. तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. बघते तर सासूबाई. मीही सुरू झाले, डोळ्यांतून पाणी वाहतंय त्याचं भान नाही. पुढचा एक जण वळून चिडून म्हणाला, "काकू, आपण हरलो."

"हरू दे रं," सासूबाई म्हणाल्या. "हात बघ त्यांचा."