खिडकीवरची चादर

बोईसरला माझ्या ओळखीच्या एका फोटोग्राफरांचा स्टुडिओ आहे, पण आमची गाठ पडायची ती खाडीकाठच्या जुन्या चर्चमध्ये. मी तिथल्या कमानी आणि रंगीत काचांची मोठी खिडकी टिपायला जायचो, ते लग्नांचे फोटो काढायला यायचे. आल्या आल्या पिशवीतून पांढरी चादर काढून त्या खिडकीवर बांधायची, हे त्यांचं पहिलं काम.

"एवढी सुंदर खिडकी झाकता कशाला?" मी चिडून विचारायचो.

"तुमचा खांब हिरवा आला तर चालतो," गाठ मारता मारता ते म्हणायचे. "नवरीचं तोंड हिरवं आलं, तर तिची आय मला सोडंल काय?"

मग लग्न आटपून माणसं बाहेर पडेपर्यंत मी कॅमेरा मांडीवर घेऊन बसायचो.

गेल्या पावसाळ्यात खिडकी फार गळायला लागली म्हणून तिथे साधी काच बसवली. त्यानंतर लोक त्यांच्याकडे येऊ लागले. आमच्या लग्नातला खिडकीसकटचा फोटो द्या म्हणायचे. त्यांनी सगळं जुनं काम धुंडाळलं. सगळ्या फोटोंत खिडकीवर चादर. शेवटी मी माझे फोटो नेऊन दाखवले. ते एकेक फोटो बघत गेले.

"काच हाय," ते म्हणाले. "पन मानूस एक नाय."

परवा तिथे लग्न होतं. सवयीने त्यांनी चादर काढली आणि खिडकीपाशी जाऊन थबकले. नवरीच्या चेहऱ्यावर स्वच्छ उजेड पडला होता.

"आता तोंडं बरोबर येतात," माझ्याकडे न बघता ते म्हणाले आणि चादरीची घडी घालत राहिले.