शेणात कोण घसरणार

पोलिसांच्या मालिकेत मला फौजदाराचं काम मिळालं, तेव्हा चंदगडला आईनं गल्लीत पेढे वाटले. नाटकांतून मोलकरणी आणि शेजारणी करत आलेली मी आता कमरेला पिस्तूल लावणार होते. शूटिंग कोल्हापुरातच. गोष्ट दोघांची: पुण्याहून बदलून आलेला, छापील बोलणारा इन्स्पेक्टर आणि त्याच्या जोडीला इथली फौजदार बाई. दोघांचं पटत नाही, पण तपास एकत्र करायचा.

काही भागांतच कळलं, की डोकं चालवायचं काम साहेबांचं आणि हसं करून घ्यायचं माझं. साहेब पुरावा शोधायचे, तेव्हा मी डबा उघडून बसायचे. मी "हाय", "न्हाय" म्हटलं की मागं गमतीचं संगीत वाजायचं. दिग्दर्शकाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, लोकांना आवडतंय, ताई, कशाला मनावर घेता. साहेबांचं काम करणारे नट वयानं मोठे. ते माझ्याशी सीनपुरतंच बोलायचे, जेवायचेही वेगळे.

मग कळंब्याजवळच्या एका घरात तो सीन आला. तळ्यात एका मुलीचं प्रेत सापडलेलं, आम्ही तिच्या आईकडं चौकशीला जातो. साहेबांचे प्रश्न आईला समजत नाहीत. मी पुढं होते, शेणात घसरून पडते आणि पडल्या पडल्या विचारते, की पोरगी जेवून गेलती का उपाशीच मेली. असं कागदावर लिहिलेलं.

मी म्हणाले, हे मी बोलणार नाही. दिग्दर्शकानं आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग दुसरी नटी उद्या मिळेल हेही ऐकवलं. मी टोपी काढून बाजेवर ठेवली.

"मिळत असंल तर आणा. मेलेल्या पोरीच्या आईपुढं मी दात काढणार न्हाय. आमच्यात असं कुणी करत न्हाय."

ऊन उतरत चाललं होतं. तेव्हा साहेबांचं काम करणारे ते नट खुर्चीतून उठले.

"घसरायचंच असेल तर मी घसरतो," ते म्हणाले. "पुण्याचा माणूस आहे, मला शोभेल. प्रश्न त्यांना विचारू दे."

आणि कॅमेरा सुरू होताच कडक इस्त्रीच्या पँटीसकट ते दारातच खरोखर घसरले. मग मी आईचं काम करणाऱ्या बाईंजवळ जमिनीवर बसले. दुखवट्याच्या घरी आमच्याकडं बोलतात तशी बोलले.

"मावशी, घोटभर पाणी घ्या. मी हितंच हाय. जमंल तवा सांगा."

त्या बाई खऱ्याच रडायला लागल्या. दिग्दर्शकानं पुन्हा घ्यायला सांगितलं नाही.

तो भाग तसाच दाखवला. पुढच्या महिन्यात फौजदार बाईंची लांब कुठंतरी बदली झाली. मला ते फोनवर कळलं. माझ्या जागी एक विनोदी हवालदार आला. आई हळहळली, मी नाही. नंतर त्यांनी परत बोलावलं, कारण लोक मला विचारत होते म्हणे. सीनमध्ये तो डबा अजून आहे का, मी विचारलं. आहे, म्हणाले. मग मी गेले नाही.

हल्ली जयसिंगपूरला पोरापोरींना नाटक शिकवते. मालिकेचे फोन अधूनमधून येतात. काम लहान असलं तरी चालतं मला, मोलकरणीचंही चालतं. माझी बोली हसण्यापुरती हवी असेल, तर मी फोन ठेवते. पुढचा फोन मी उचलेन की नाही, याची काळजी त्यांनी करावी.