चांगली निघालेली पट्टी

माझा कॉम्प्युटर गेल्या सहा वर्षांत एकदाही मध्येच बंद पडलेला नाही. दुसऱ्या कोणी हे कौतुकानं सांगितलं असतं. मी मात्र सुट्टीच्या दिवशी सकाळी मेमरी तपासणारा प्रोग्राम लावतो, दुपारभर येऊन-जाऊन स्क्रीनकडे बघतो आणि एखादी तरी चूक सापडावी, एखादी तरी लाल ओळ यावी म्हणून देवाला हात जोडतो. लाल ओळ आली तर मेमरीची पट्टी खराब ठरेल, आणि पट्टी खराब ठरली तर एका माणसाची खरी शपथ मी सगळ्या गावात खोटी पडू दिली, हे माझ्या डोक्यावरून उतरेल. संध्याकाळी प्रोग्राम सांगतो, चूक एकही नाही. मग मी मशीन बंद करतो.

तेव्हा मी मंगरूळपीरला एका कचेरीत कंत्राटी ऑपरेटर होतो. दिवसभर लोकांच्या अर्जातली नावं टाइप करायची, सर्व्हर रांगत असला की हातावर हात ठेवून बसायचं. घरची सोयाबीन-तूर वडील आणि थोरला भाऊ बघायचे. मी घरातला कॉम्प्युटरवाला, आणि त्या बिरुदाचा मला भलताच माज होता. गेम खेळण्यासाठी एकेक भाग जमवून स्वतःचं मशीन जोडायचं मी मनावर घेतलं. वडील त्याला 'साहेबाचा ट्रॅक्टर' म्हणायचे.

भाग आणून दिले माझ्या मित्रानं. आम्ही एकाच गावचे, शाळेत एका बाकावरचे. मंगरूळपीरच्या बसस्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. तालुक्यातल्या शाळा, पतसंस्था, झेरॉक्सवाले, सगळ्यांची मशीनं त्याच्या टेबलावर पडलेली असायची. माणूस हळू बोलायचा, हळू काम करायचा आणि स्क्रू कधी हरवायचा नाही. एका रविवारी आमच्या ओसरीत सतरंजी टाकून आम्ही दोघांनी मशीन जोडलं. मी घाईघाईत रॅमची पट्टी उचलली तर त्यानं माझ्या हातावर चापट मारली.

"आधी खिडकीच्या गजाले हात लाव. आंगातला करंट उतरू दे, मंग पट्टीले हात लाव."

जाताना दारात थांबून म्हणाला, "अन् एक आयक. व्हिडिओ पाहू पाहू स्पीड वाढवाच्या भानगडीत पडू नको. जे भेटलं त्याच्यात खुश राह्य."

मी हो म्हटलं आणि आठवड्याभरात नेमकं तेच केलं. कॉम्प्युटर सुरू होताना एक बटण दाबलं की सेटिंगची पानं उघडतात, त्यांना बायोस म्हणतात. तिथे जाऊन चोवीसशे स्पीडची पट्टी मी तीन हजारांवर पळवायला लागलो. एकटी पट्टी निमूट पळालीही. गेम असा गुळगुळीत चालला की मी स्वतःलाच शाबासकी दिली.

पुढे मला मेमरी कमी वाटायला लागली. मित्राकडून तशीच दुसरी पट्टी आणली. सीलबंद डबी मीच त्याच्या टेबलावर फोडली. घरी येऊन ती पट्टी पहिलीच्या शेजारी बसवली, गेम लावला, आणि दहाव्या मिनिटाला स्क्रीन निळी पडून मशीन बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. पट्टीचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, खाचा बदलल्या, पंखा लावला. नवी पट्टी काढली की सगळं ठीक, बसवली की निळी स्क्रीन. मला वाटलं, आता आणखी काय पुरावा हवा?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या दुकानात गेलो. दोन-तीन गिऱ्हाइकं बसलेली होती. त्यानं शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, "बायोसात काई केलं काय तू?"

"नाई."

"स्पीड वाढवली काय?"

"नाई म्हनलं ना. तुही पट्टीच जुनी हाये. पुसून-पासून नवी म्हणून देली मले."

खोटं बोललो ते एका शब्दाचं होतं. त्यानं नको म्हटलेलं मी केलं होतं, आणि गिऱ्हाइकांसमोर ते कबूल करायला माझी मान वाकत नव्हती. शिवाय स्पीडचा यात काही संबंध असेल असं मला खरंच वाटलं नव्हतं. एकटी पट्टी चालत होती ना त्याच स्पीडवर! तो म्हणाला, मशीन घेऊन ये, बघतो. मी म्हटलं, तुझ्याकडे आणून आणखी काय बदलून घेऊ? मी डोक्यात राख घालून बाहेर पडलो, आणि कचेरीत येईल त्याला सांगत सुटलो की त्याच्या दुकानात जुना माल नवा म्हणून देतात.

त्याचं नाव हेच त्याचं भांडवल होतं. आठ दिवसांत एका शाळेनं त्याच्याकडची मशीनं उचलली. सोमवारी संध्याकाळी तो गावात महादेवाच्या देवळासमोर आला. आम्ही चारपाच जण पारावर बसलो होतो. तो उभाच राहिला.

"सगळ्यायच्या समोर सांगतो. पट्टी नवी होती."

"सांगाले काय जाते?" मी म्हटलं. "बेल उचल. मायची आन घे."

आमच्याकडे बेल उचलून घेतलेली शपथ कोणी हसण्यावारी नेत नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला बाप नव्हता. आईनं रोजमजुरी करून त्याला वाढवलेलं, हे मला माहीत होतं आणि म्हणूनच मी नेमकं तिचं नाव काढलं होतं. तो आत गेला, पिंडीवरचं बेलाचं पान तळहातावर घेऊन आला आणि म्हणाला, "जुनी पट्टी नवी म्हणून देली असन त माह्या मायले भोवन." पान परत आत ठेवून तो निघून गेला. मला आठवतं, मी हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी नळावर बायकांनी त्याच्या आईला विचारलं, पोरानं तुझ्या जिवावर शपथ घेतली, तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली, "माह्या पोराची आन हाये. मले काय होते?" माझ्या आईनं हे घरी येऊन सांगितलं. मी जेवत होतो, जेवत राहिलो.

तिसऱ्या दिवशी मशीन सुरूच होईना. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे मी बोर्डावरचा गोल सेल काढला आणि थोड्या वेळानं परत बसवला. असं केलं की बायोसमधली सगळी सेटिंग मूळ जागेवर जाते. माझी वाढवलेली स्पीडही गेली. मशीन चालू झालं. आता सहज, केवळ त्याची आणखी एक चूक पकडावी म्हणून, मी नवी पट्टी परत बसवली. गेम चालला. तासभर चालला. मी तपासणी लावून कचेरीत गेलो आणि संध्याकाळी आलो तर चूक एकही नव्हती. दोन पट्ट्या एकत्र ती स्पीड पेलत नव्हत्या, एवढंच होतं सगळं. पट्टी चांगली होती. घरात पंख्याचा आवाज येत होता.

शनिवारी सांगू म्हटलं. शनिवारी तो बसस्टँडवर दिसला आणि त्यानं तोंड फिरवलं. माझं पित्त खवळलं. याचाच तोरा, तर मीही नाही बोलत. असं करत महिना गेला, आणि एका सकाळी निंदणाला गेलेली त्याची आई शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, कोसळली. लकवा मारला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

गावानं हिशेब लगेच लावला. कोणाला काही सांगावं लागलं नाही. आन भोवली, असं सगळे कुजबुजायचे, आणि मी समोरून आलो की माझ्याकडे आदरानं बघायचे. तो आदर मी पचवला, याची मला आज जितकी किळस येते तितकी कशाचीच येत नाही. शपथेनं कोणाची नस फुटत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण 'आन खरी होती' हे चार माणसांत सांगणारा गावात एकच माणूस होता, आणि त्याची दातखीळ बसली होती.

ती दीड वर्ष अंथरुणावर होती. दवाखाने झाले, वाशीम झालं, अकोला झालं, दर्ग्यावर नेऊन झालं. शेवटी शेवटी त्याचे मामा आमच्या घरी आले. हातात नारळ होता. म्हातारा माणूस, पण माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला.

"बापू, पोराकून चूक झाली असन. तुनं आन घातली, तुह्याच तोंडानं सुटली म्हण. बाईच्या जिवाले आराम पडन."

घातलेली शपथ, घालणाऱ्यानं 'सुटली' म्हटलं की उतरते. मी त्यांच्यामागून गेलो. वाटेत ठरवत होतो, आता सांगतोच. खोलीत बाजेवर ती पडली होती. मान भिंतीकडे वळलेली. आजारानंच तशी वळली होती, पण मला वाटलं, माझ्याकडे बघायचं नाही म्हणून वळली आहे. भोवती बायका होत्या. मित्र उशाशी बसला होता आणि तिनं चालत्या डाव्या हातानं त्याचा हात धरून ठेवला होता. मामांनी माझ्या ओंजळीत पाणी घातलं.

'आन खरी होती' असे तीन शब्द म्हणायचे होते. मी दोनच म्हटले, आणि तेही वेगळे. आन सुटली. आन सुटली. आन सुटली. पाणी जमिनीवर सोडलं. बायकांनी सुटकेचा श्वास घेतला. मित्रानं माझ्याकडे फार वेळ बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, काहीतरी विचारणं होतं. मी चप्पल घालून निघालो.

पंधरा दिवसांनी ती गेली. त्यानं दुकान बंद केलं आणि पुण्याकडे कुठल्यातरी कंपनीत लागला. तेव्हापासून मला गेम खेळता आलेला नाही. खेळायला बसलं की स्क्रीनवर काहीही चाललेलं असो, भिंतीकडे वळलेली ती मान दिसते. मशीनची वायर काढून टाकावी असं वाटतं, पण टाकवत नाही. ते चालू राहणं हीच माझी शिक्षा आहे असं मला वाटतं, आणि शिक्षा आपल्याच हातानं थांबवायची हिंमत होत नाही.

वर्षश्राद्धाला तो गावात आला. गावजेवण होतं. मांडवामागे चुलीजवळ तो एकटा नळी धरून पाण्याचं टिप, मोठं पिंप, भरत होता. मी जाऊन उभा राहिलो.

"एक सांगाचं होतं. ती पट्टी चांगली होती."

"जाऊ दे ना बे. कायले काढतं आता?"

"स्पीड मी वाढवली होती. तुले खोटं सांगतलं."

त्यानं नळी टिपात सोडली. "किती?"

"चोवीसशेची तीन हजारावर."

"दोनी पट्ट्यायवर?"

"हो."

"व्होल्टेज?"

"तसंच होतं."

त्यानं मान हलवली, दुकानात कोणाचं मशीन बघताना हलवायचा तशीच. "मंग पडनच ते." मग विचारलं, "तुले कधी समजलं?"

"बेल उचलल्यावर तिसऱ्या दिवशी."

टिप भरून पाणी वाहायला लागलं होतं. त्यानं नळी काढली नाही.

"म्हंजे सुटली म्हनाले आला, तवा माहीत होतं तुले."

"हो."

मला वाटलं, आता मारेल. मारावं असं मला मनापासून वाटत होतं. तो मात्र खाली बसला आणि हळू आवाजात, पाण्याकडे बघत बोलायला लागला.

"तू गेल्यावर मी इचार केला. हा सोता कॉम्प्युटरचं काम करते. यानं तपासलं असन, पट्टी जुनीच निंगाली असन, तवाच सुटली म्हनते. मी काई ती पट्टी माह्या हातानं टेस्ट करून नोती देली. सीलबंद डब्बीतबी वापस आलेला माल येते कधी कधी. मले वाटलं, खोटा मीच हावो. मंग बाया गेल्यावर मी तिले सांगतलं. म्हनलं, माय, माही आन खोटी होती, मले माफ कर."

तो पाण्याकडेच बघत बोलत होता.

"तिनं माहा हात धरून ठेवला होता नं डाव्या हातानं. तो तिनं काढून घेतला. मंग पंधरा दिवस मी रोज हात पुढे करो. तिनं धरला नाई."

मांडवातून मामांनी हाक मारली, पंगत बसली म्हणून. तो उठला, नळी दुसऱ्या टिपात टाकली, ओले हात पँटला पुसले.

"जेवून जाय," तो म्हणाला. "मायच्या नावाचं हाये."

आमच्याकडे अशा दिवशी कोणी उपाशी गेलं तर ते गेलेल्या माणसाला लागतं असं मानतात. मी पंगतीच्या टोकाला बसलो. तो स्वतः वाढायला आला. बाकीच्यांना वाढले तसेच त्यानं मला दोन वडे वाढले, वरण वाढलं, आणि कढी घेणार का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. वाढलेलं सगळं मी खाल्लं, पानात काही टाकलं नाही.