दंताळेवाला यिन क्वांग

यिन क्वांगला कुणी "बरा आहेस ना?" विचारलं, तर तो मनात म्हणायचा, याला माझ्या तब्येतीशी काय करायचंय? वीस वर्षं सरहद्दीवर काढली की माणूस असा होतो, असं लोक म्हणत. मला विचाराल तर तो मुळातच तसा होता. भिंतीने त्याला त्याच गुणावर महिन्याची बाजरी दिली, एवढंच.

भिंत म्हणजे लव्हाळी आणि माती. शेळीसुद्धा चढेल. खरा पहारा होता तो भिंतीबाहेरच्या वाळूच्या पट्ट्याचा. दिवस मावळायच्या आत यिन तो पट्टा दंताळ्याने सपाट करी आणि उजाडलं की वाकून वाचत बसे. ससा गेला, कोल्हा आला, सगळं तो सांगे. पण त्याचा डोळा असायचा आपल्याच लोकांवर. पळून कोण जातंय?

त्या सकाळी पावलं सापडली. माणसाची, भिंतीकडून उत्तरेकडे गेलेली. चवडा खोल, टाच उथळ.

"पळालं कुणीतरी!" यिन ओरडला.

बुरुजावरच्या बाओने डोकी मोजली. "सगळे आहेत, काका. शेळ्यापण आहेत."

"तू होतास का रात्री जागेवर?"

"घ्या! आता माझ्यावर." बाओ हसला. "एक दिवस स्वतःच्याच सावलीला बेड्या घालाल तुम्ही."

यिन हसला नाही. लाकडाच्या पट्टीवर 'एक मनुष्य बाहेर गेला' असं लिहून त्याने ती ठाण्यावर धाडली आणि न्याहारीला घरी आला. चुलीवर मोठं पातेलं होतं. दोन माणसांना एवढी पेज?

"कोण येणार आहे?" त्याने बायकोला विचारलं.

"कोण येणार इथे, वाळवंटात? भूक लागलीय मला," रू म्हणाली. पण तिने मान वर केली नाही.

यिन सरळ रांजणांमागे गेला. तिथे पोतं पांघरून शेंग बसला होता, त्यांचा मुलगा. चार वर्षांपूर्वी सरपण आणायला गेला, तेव्हा उत्तरेच्या घोडेवाल्यांनी त्याला उचलून नेलं होतं. गालफडं बसली होती, पण डोळे तेच होते.

यिनने पोतं बाजूला ओढलं. आनंद झाला त्याला, खोटं का बोला. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"कुणी पाठवलं तुला?"

"कुणी नाही, बाबा. पळून आलो. उलटा चालत आलो, म्हणजे बाहेर गेल्यासारखं दिसेल. दरवाजातून आलो असतो तर हेर म्हणून मान उडवली असती."

ते खरंच होतं. तिकडून परतलेल्याला कायदा एकच होता, आणि त्याला लपवणाऱ्या घरालाही तोच.

"चार वर्षं त्यांनी तुला फुकट जेवू घातलं?"

"अहो, पोटचं पोर आहे!" रू कडाडली. "त्यालाही वाळूसारखं वाचत बसणार आहात का?"

बाहेर घोडा खिंकाळला. पट्टी वाचून ठाणेदार आला होता. यिन उठला.

"कुठे निघालात?" तिने त्याची बाही धरली. "काय सांगणार आहात?"

त्याने बाही सोडवली आणि बाहेर पडला.

ठाणेदाराने पट्ट्याशी उकिडवं बसून पावलात बोट घातलं. "चवडा एवढा खोल? हा उलटा तर नाही ना चालला? आत आला असेल."

"पळणाऱ्याचा भार चवड्यावरच पडतो, साहेब."

"पळणाऱ्याची ढांग एवढी आखूड?"

"पाठीवर ओझं असणार."

"तुमच्याकडे तर कुणीच कमी नाही."

"मग पलीकडच्या बुरुजांवर मोजा. भिंतीच्या कडेने येऊन इथून उतरला असेल." यिनच्या काखा घामाने भिजल्या होत्या, पण आवाज हलला नाही. "बाहेरच गेलाय. वीस वर्षं वाचतोय मी ही वाळू. चुकलो तर माझी मान घ्या."

त्याची जबानी पट्टीवर घेऊन ठाणेदार पुढच्या बुरुजाकडे गेला. यिन अक्षरशः धावत घरी आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाला तरी मिठी मारावीशी वाटत होती. त्याने दार ढकललं. आतून अडसर होता.

"अगं, उघड. मी आहे."

"बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही. गेला तो. खोटं बोललो मी, शेंगसाठी! माझी मान लिहून दिली!"

आत कुजबुज झाली. मग दाराखालच्या फटीशी काहीतरी सरपटलं. रू जमिनीला गाल लावून त्याच्या आजूबाजूला आणखी पाय दिसतात का ते बघत होती.

"दोन पावलं मागे सरका," ती म्हणाली.

यिन मागे सरकला. दार उघडलं नाही.

"आणखी मागे."

तो भर उन्हात मुकाट्याने मागे सरकत राहिला.