एक फूट जास्त

रस्त्याच्या कडेला गुडघ्याच्या वर येईल एवढा खांब दिसला, तर तो कोणी लावला असं आजवर कोणी कोणाला विचारलेलं नाही. लोक त्याच्यावर पिशवी टेकवतात, बुटाची नाडी बांधायला पाय ठेवतात, फोनवर बोलता बोलता त्याला धडकतात आणि वर त्यालाच शिव्या घालतात. ओळंब्याला याचं काही वाटत नसे. नगरपालिकेच्या रस्ते विभागात गवंडी म्हणून एकतीस वर्षं त्याने हेच खांब बसवले होते, आणि शिव्या खाणं हे खांबाचं अर्धं काम आहे असं त्याचं ठाम मत होतं.

ओळंबा हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. दोरीला वजन बांधून भिंत सरळ आहे की नाही ते बघतात, त्या साधनाचं ते नाव. ते कायम त्याच्या खिशात असे, म्हणून विभागाने त्यालाच ते चिकटवून टाकलं. घरी बायको म्हणायची, "अहो, गावभर खांब सरळ करत फिरता, आणि हे टेबल दोन वर्षं डुगडुगतंय ते नाही दिसत तुम्हाला?" तो टेबलाखाली कागदाची घडी सारायचा आणि मोकळा व्हायचा. टेबलावर कोणी गाडी घालणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

कागदोपत्री या खांबांना बोलार्ड म्हणतात. ओळंब्याने मात्र त्यांची बारशी स्वतःच केली होती. दोन रस्त्यांच्या मधे रांगेने लावतात तो नारिंगी प्लास्टिकचा खांब चाकाखाली आडवा होतो आणि चाक गेलं की परत उभा राहतो. त्याचं नाव 'होयबा'. नगरपालिकेच्या दारातले नक्षीदार बिडाचे खांब म्हणजे 'पाहुणे', कारण ते नुसते शोभेला उभे. बाजाराच्या गल्लीतला खांब कुलूप काढून उचलता येतो, आगीचा बंब आत जावा म्हणून. त्याची किल्ली वेळेवर कधी सापडत नाही, म्हणून तो 'हरवलेला'. न्यायालयाच्या फाटकातला खांब बटण दाबलं की जमिनीतून वर येतो, पुन्हा दाबलं की आत जातो. पाणी शिरलं की अर्ध्यातच अडकतो आणि सगळा विभाग त्याच्याभोवती गोळा होतो. तो 'लाडोबा'. ओळंबा मनापासून मानायचा तो फक्त साध्या, न हलणाऱ्या खांबाला. सहा इंची लोखंडी पाइप, आत ठासून काँक्रीट, वरून पिवळाकाळा रंग. त्याला त्याने नाव ठेवलं नव्हतं. तो नुसता 'खांब'.

या खांबाचं खरं काम जमिनीखाली असतं, आणि तिथेच ओळंबा विभागाचं ऐकत नसे. ड्रॉइंगमध्ये खड्डा अडीच फूट लिहिलेला असायचा. तो साडेतीन फूट खणायचा. नोकरीच्या सुरुवातीला त्याने एका बागेच्या दारात बसवलेला खांब पाण्याच्या टँकरने मागे येताना सहज उपटला होता, खालच्या काँक्रीटच्या गोळ्यासकट. कोणाला लागलं नाही, पण आडवा पडलेला तो खांब बघून ओळंबा शरमेने अर्धा झाला होता. त्या दिवसापासून एक फूट जास्त. बाकीचे गवंडी हसायचे, "काय रे, विहीर खणतोस का? पाणी लागलं की सांग." तो मुकाट्याने पहार चालवत राहायचा.

हॉस्पिटलच्या कोपऱ्यावर, उतार जिथे संपून रस्ता वळतो, तिथला बसथांबा असाच सात खांबांच्या आड होता. एका सकाळी सव्वानऊला टाइल्सची खोकी भरलेला टेम्पो त्या उतारावरून सुसाट आला आणि चौथ्या खांबावर समोरासमोर आदळला.

ओळंबा पोचला तेव्हा टेम्पो ओढून बाजूला केला होता. त्याने आधी खांबाला ओळंबा लावला. खांब दोन बोटं कलला होता. दोन बोटं! मागे रांगेत अकरा माणसं उभी होती आणि एकाला ओरखडासुद्धा आला नव्हता. ओळंब्याची छाती फुगली. विहीर म्हणून हसणाऱ्या दोघांना त्याने हाताला धरून आणलं आणि म्हणाला, "बघा. नीट बघा." मग त्याची नजर टेम्पोकडे गेली. पुढचा भाग पत्र्याच्या डब्यासारखा चेपला होता आणि ड्रायव्हरच्या जागी खाली एक चप्पल अडकून राहिली होती. कोणीतरी म्हणालं, "पाय गेला बिचाऱ्याचा. उजवा. गुडघ्याखाली." आपण आत्ता काय म्हणालो हे आठवून ओळंब्याला स्वतःचीच लाज वाटली.

महिन्याभराने टेम्पोच्या मालकाचा अर्ज आला. खांब नियमापेक्षा जास्त भक्कम होता. तो वाकला असता तर धक्का कमी बसला असता आणि ड्रायव्हरचा पाय वाचला असता, असं त्यात होतं. विभागाने खांब उपटून खड्डा मोजला. साडेतीन फूट. आता पळवाट उरली नाही.

रस्त्यांच्या इंजिनिअर बाईंनी त्याला बोलावलं. वयाने त्याच्या मुलीएवढ्या, पण माणूस समोर उभा असताना कागदात डोकं घालून बसायची सवय त्यांना नव्हती.

"बसा. लेखी खुलासा द्यायचाय तुम्हाला. माती भुसभुशीत लागली, म्हणून खोल जावं लागलं, असं लिहून टाका. मी सही करते, विषय संपला."

"माती चांगली होती, मॅडम."

"ते मला माहितीये. म्हणून तर सांगतेय."

ओळंबा म्हणाला, "खरंच वाचला असता का हो त्याचा पाय? अडीच फूट असता तर?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कदाचित. खांब वाकला असता, गाडी थोडी पुढे गेली असती. किती पुढे, ते नाही सांगता येत. कोणालाच नाही सांगता येणार."

खुलाशाला तीन दिवसांची मुदत होती. दोन दिवस ओळंब्याने कोऱ्या कागदाकडे बघण्यात घालवले. जेवणावर त्याचं लक्ष नव्हतं. बायकोने विचारलं तेव्हा म्हणाला, "त्या माणसाचा पाय माझ्या एका फुटाने गेला असेल, तर मी काय लिहू?" बायको एवढंच म्हणाली, "मग कागदाला काय विचारता? त्यालाच जाऊन विचारा."

तिसऱ्या दिवशी सकाळी तो थांब्यामागच्या हॉस्पिटलात गेला. दुसरा मजला, खिडकीजवळची खाट. तिशीचा, हडकुळा ड्रायव्हर उशाला टेकून बसला होता, आणि त्याची आई स्टुलावर बसून धुतलेल्या टॉवेलच्या घड्या घालत होती. ओळंब्याने आडवळण घेतलं नाही.

"थांब्यासमोरचा तो खांब मी बसवला. मीच."

आईच्या हातातली घडी तशीच राहिली. "मग इथे कशाला आलात? जखमेवर मीठ चोळायला?"

"आई, थांब," ड्रायव्हर म्हणाला. त्याने ओळंब्याला नीट न्याहाळून घेतलं. "केवढा खोल गाडला होतात हो तो?"

"साडेतीन फूट. अडीच लिहिला होता. मी एक फूट जास्त खणतो."

"का?"

"उपटू नये म्हणून."

ड्रायव्हर खिडकीबाहेर बघत बोलायला लागला. "पेडल दाबलं तर ते थेट खाली टेकलं. ब्रेकच नाही. वळणावरून समोर शाळेची बस येत होती. दुसऱ्या बाजूला ही रांग. रांगेच्या शेपटाला खांब नव्हता, थोडं जरी तिरकं झालं असतं तरी मी थेट माणसांत घुसलो असतो. म्हटलं, काहीतरी पाहिजे, मला धरेल असं. मधला खांब सरळ उभा दिसला. त्याच्यावरच नेम धरला आणि स्टिअरिंग सोडलं नाही."

ओळंबा उभाच होता. तो खाटेच्या कडेला बसला, न विचारता.

"म्हणजे, मुद्दाम?"

"मुद्दाम. आता खूप शिव्या घालतो तुम्हाला, खोटं कशाला बोलू? पाय दुखतो, नसलेलासुद्धा दुखतो. पण त्या वेळी तो खांब वाकला असता तर काय झालं असतं, ते मी रोज बघतो. डोळे मिटले की बघतो."

"हे पोलिसांना सांगितलंत?"

"मालक म्हणाला, ब्रेकचं तोंडातून काढायचं नाही. ब्रेक गेले हेच सांगायचं नाही, तर नेम धरला हे कसं सांगणार? मग मला झोप लागली होती असं सगळे समजतात. समजू देत."

ओळंबा निघाला, तेव्हा आई त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत आली. आता ती चिडलेली नव्हती, आणि ते ओळंब्याला जास्त जड गेलं.

"त्या रांगेत किती माणसं होती?"

"अकरा."

"महिना उलटून गेला. खाली थांबा, वर माझा मुलगा. अकरांतलं एकही इकडे फिरकलं नाही. हे त्यांना कोणी सांगितलंय का?"

"नाही," ओळंबा म्हणाला. "मलाच आत्ता कळलं."

दुपारी त्याने खुलासा लिहिला. मातीचा उल्लेख केला नाही. 'मी प्रत्येक खड्डा साडेतीन फूटच खणतो, हाही तसाच खणला,' असं लिहिलं आणि खाली ड्रायव्हरचं सगळं बोलणं जसंच्या तसं उतरवलं, ब्रेकसकट. बाईंनी तो दोनदा वाचला. म्हणाल्या, "यात तुम्ही पण अडकता आणि तो मालक पण." ओळंबा म्हणाला, "अडकू दे." खाली एक ओळ होती: ड्रायव्हरला विचारून लिहिलं आहे, तो पोलिसांना हेच सांगायला तयार आहे. त्यासाठी ओळंब्याला जेवणाच्या सुट्टीत पुन्हा दोन जिने चढावे लागले होते.

चौथा खांब नव्याने बसवायला तो पुढच्या आठवड्यात सकाळी आठला थांब्यावर गेला. खड्डा त्याने साडेतीन फूट खणला. इंजिनिअर बाई टेप घेऊन आल्या, खड्ड्यात डोकावल्या, आणि टेप न उघडता पर्समध्ये टाकून गाडीकडे निघून गेल्या. रांगेच्या शेपटाला आठवा खांब हवा, एवढं त्यांनी जाता जाता वहीत लिहून घेतलं.

सव्वानऊला रांग लागली. तीच रोजची माणसं, तीच घाई. एकतीस वर्षांत ओळंबा रांगेतल्या कोणाशी 'जरा सरका' यापलीकडे बोलला नव्हता. त्याने हात पुसले, घसा साफ केला, आणि तरी आवाज फाटलाच.

"ऐका जरा. त्या दिवशी तुमच्यातले कोण कोण होते इथे?"

काहींनी मान वर केली. चारपाच हात उचलले गेले, अर्धवट, संशयाने.

"त्याला झोप लागली नव्हती. ब्रेक गेले होते. तुम्ही दिसलात म्हणून त्याने गाडी जाणूनबुजून खांबावर घातली. पाय गेलाय त्याचा."

बस आली, दार उघडलं, मागच्यांनी पुढच्यांना ढोसलं. ऑफिसची पिशवी छातीशी धरून उभी असलेली एक बाई रांगेतून बाहेर आली.

"कुठे असतो तो?" तिने विचारलं.

ओळंब्याने मागच्या इमारतीकडे बोट दाखवलं. "दुसरा मजला. खिडकीजवळ."

ती बसमध्ये चढली नाही. आधी चढलेले अजून दोघं तिच्यामागून बसमधून खाली उतरले.